गेटवरचं इंग्रजी

खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर बायकांच्या बॅगा तपासणाऱ्या एक ताई आहेत. लग्नापायी सुटलेली दहावी त्या आता चाळिशीत रात्रशाळेतून देत होत्या, आणि इंग्रजीनं त्यांना दोनदा आपटलं होतं. म्हणून रोज सकाळी माझ्या बॅगेत हात घालता घालता त्यांची घोकंपट्टी चालायची. "टॉल, टॉलर..." एवढं म्हणून त्या अडायच्या, आणि मागची अख्खी रांग ओरडायची, "टॉलेस्ट!"

तरी बाई शिस्तीच्या पक्क्या. कार्ड विसरलेल्या आमच्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी एकदा उन्हात उभं केलं होतं.

आज मी बसमधून उतरते तोच त्या गेटवरून ओरडल्या, "मॅडम, पास झाले! इंग्रजीत बावन्न हायेत!"

मी धावतच सुटले. त्यांनी मला कडकडून मिठी मारली, आम्ही दोघींनी भर रस्त्यात उड्या मारल्या.

"गुड, बेटर..." मी ओरडले.

"बेस्ट!" या वेळी ताईंनीच पुरं केलं, आणि रांगेनं टाळ्याच वाजवल्या.

ताईंनी ओढणीनं डोळे पुसले. मी हसत हसत तशीच आत निघाले.

"ओ मॅडम," मागून आवाज आला, "बॅग कोण दाखवणार?"