समोरासमोरची बाकं

माया रामटेके लहानपणी तापाने फणफणली, आणि त्या तापात तिचं ऐकणं गेलं. तेव्हापासून ती हातांनी बोलायची. रायपूरच्या जुन्या सरकारी कचेरीत ती फायली सांभाळायची. आवक-जावक पाहणाऱ्या देवीदासलाही ऐकू येत नसे. दुपारच्या सुट्टीत दोघं मागच्या पायऱ्यांवर डबे उघडून एकमेकांकडे तोंड करून बसत. चेहरा आणि हात दिसले, की गप्पांना खळ नसे.

मग कचेरी शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेली. जुन्या शहरातल्या तेलीबांध्याहून बस निघायची, रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून धावायची. इमारत देखणी होती, बागही होती. पण बागेतली बाकं एका ओळीत, सगळी रस्त्याकडे तोंड केलेली. शेजारी बसलं, की मायाला देवीदासचा नुसता कान दिसायचा. बोलायला मान वळवावी लागे, आणि मान लवकर दुखायची. गवतावर बसावं, तर चौकीदार उठवायचा. हळूहळू दोघं आपापल्या टेबलावरच जेवू लागले. कितीतरी दिवस माया कोणाशीही न बोलता घरी परतली.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाकं रंगवायला काढली. रंगाऱ्यांनी सावलीसाठी दोन बाकं करंजाखाली ओढली आणि काम झाल्यावर तशीच समोरासमोर सोडली. मायाला ती खिडकीतून दिसली. त्या दुपारी सुट्टी संपली तरी ती आणि देवीदास उठेनात. पुढे लेखा शाखेतली सरिता तिथे डबा घेऊन येऊ लागली, तिच्यामागून आणखी दोघीतिघी.

एका सोमवारी बाकं पुन्हा ओळीत लागलेली होती. माया थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून एक बाक ढकलू लागली.

सरिता समोर येऊन सावकाश म्हणाली, "काहून ढकलून राहिली? कंबर धरेल नं."

मायाने तिचे ओठ वाचले. आपल्या डोळ्यांकडे बोट केलं, मग मागून आलेल्या देवीदासच्या हातांकडे.

"मले वाटे, तुम्ही सावलीसाठी बसता," सरिता म्हणाली, आणि तिने दुसरं टोक धरलं.

चौकीदार आला. "मैडम, लाइन बिगड़ जाएगी."

"बिगड़ने दो, भैया. जरा हाथ लगाओ," सरिता म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात लावला.

नंतरही बाकं अधूनमधून ओळीत लागायची, आणि या बायका ती परत ओढायच्या. शेवटी बागेवाल्यांनीच नाद सोडला.

देवीदास निवृत्त होऊन दुर्गला गेला, तेव्हा मायाला वाटलं, आपलं बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी ती बाकावर एकटीच बसली होती. सरिता समोर येऊन बसली आणि अडखळत हात हलवू लागली. सासूला ताप आला आहे, असं तिला सांगायचं होतं. हातांनी सांगितलं, सासू शिजली आहे. माया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पुढे वाकून तिने सरिताचं बोट नीट वळवून दिलं.