भाच्याचे घोटे

कबड्डीच्या मैदानात नमस्कार करून सामना हरलेला आमच्या तालुक्यातला मी एकमेव खेळाडू आहे.

आमचं चिंचखेड धरणात गेलं. सरकारने माळावर प्लॉट पाडून आम्हाला वसवलं आणि त्या दिवसापासून अख्खा तालुका आम्हाला 'पुनर्वसनवाले' म्हणू लागला. रेशनच्या रांगेत तेच, एसटीत तेच! दोन वर्षं आम्ही नुसते पत्ते कुटत, गेलेल्या गावाच्या नावाने उसासे टाकत बसलो. शेवटी शेजारच्या गजूने पत्ते हिसकावून घेतले आणि कबड्डीचा संघ काढला. ध्यास एकच. स्पर्धेच्या ढालीवर 'चिंचखेड' हे नाव कोरलं गेलं पाहिजे! पोरं पहाटे उठून पळू लागली. (चाळिशीचा मीसुद्धा! बायको खिडकीतून हसायची.) त्यात मला माझी विद्या सापडली. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा धरला की मी सोडत नसे.

अंतिम सामना जानेफळशी पडला. माझी बहीण तिथेच दिलेली, आणि तिचा पोरगा त्यांचा हुकमी चढाईपटू!

"आयक बे, नातं मैदानाच्या बाहीर," गजूने बजावलं.

"हाव! मैदानात कोनाचा मामा अन् कोनाचा भाचा?" मी मांडीवर थाप मारली.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई आणि आला भाचाच! मी झेप घेतली. दोन्ही घोटे हातात! गजू नाचू लागला. तेवढ्यात प्रेक्षकांतून आमची आई कडाडली.

"काऊन रे, भाच्याचे पाय ओढून राह्यला? कुठं फेडशीन हे पाप!"

आमच्याकडे भाचा म्हणजे देव. तो पाळण्यात होता तेव्हापासून दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडत आलोय. हातात त्याचे पाय, कानात आई! माझे हात आपसूक सुटले आणि थेट कपाळाला लागले. देव रेषेपार निघून गेला.

"गाव धरणानं बुडवलं, अन् नाव तू बुडवलं बे!" गजू रडकुंडीला आला. मलाही रडू आवरेना.

आई तर त्याच्याही पुढे. "म्या पाप म्हनलं. सोड म्हनलं का?"

ढाल जानेफळला गेली. पण आता कुठल्याही स्पर्धेत लाऊडस्पीकरवर 'चिंचखेडचा संघ!' असा खणखणीत पुकारा होतो आणि लोक आम्हाला बघायला धावत येतात. फक्त, गाव कुठलंही असो, समोरचा चढाईपटू 'कबड्डी कबड्डी' सुरू करण्याआधी मला "मामा!" म्हणून हाक मारतो. आणि माझे मेले हात अजून कपाळाकडे जातात!