दार न फोडणारा

किल्लीवाल्याला निम्म्या जगाचा तिटकारा होता आणि उरलेल्या निम्म्याची कीव. किल्ली आत विसरून दार ओढून घेणारे बावळट, आणि मग दार फोडायला निघणारे महाबावळट. "फोडायचंच होतं तर मला कशाला बोलावलं? हमाल बोलवायचा," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा. उभ्या आयुष्यात त्याने एकही दार फोडलं नव्हतं आणि त्याची त्याला घमेंड होती.

त्याची मुलगी गेली त्या सकाळी बाथरूममध्ये गॅसचा गीझर चालू होता, खिडकी बंद होती आणि दाराला बापाने स्वतः बसवलेलं पक्कं कुलूप होतं. हाकांना उत्तर येईना, तेव्हा हा गडी हत्यारांची पेटी आणायला धावला. गुडघे टेकून त्याने कुलूप उघडलं. सुबक काम, दारावर ओरखडासुद्धा नाही. आत पोरगी गॅसने गुदमरून फरशीवर पडलेली, अंग अजून गरम. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि पुढचं गिळून टाकलं.

सांत्वनाला आलेल्यांची त्याने मनातल्या मनात सालटी काढली. मेहुणा 'देवाची मर्जी' म्हणाला आणि त्याच दमात चहात साखर कमी आहे म्हणाला. शेजारीण अशी रडली, की तिलाच पाणी द्यावं लागलं. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई दुःखाचे टप्पे समजावू लागल्या. "टप्पे? बसने निघालोय का मी?" म्हणून तो उठलाच. बाई अगदीच मूर्ख नव्हत्या. डोळ्यांसमोर सारखं काय येतं, असं त्यांनी मागून विचारलं. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्याला पोरगी दिसत नसे. स्वतःचे हात दिसत, जपून, सावकाश चालणारे.

मग त्याने गीझर फेकून दिला आणि घरातली कड्याकुलपं उपटून काढली. बायको आंघोळीला गेली की हा घडीघडी दार ढकलून डोकवायचा. दिवसभर लोकांची दारं उघडायची आणि घरी बायकोला धड आंघोळ करू द्यायची नाही, असा संसार चालला होता. "असंच करणार असाल तर मी बहिणीकडे निघून जाईन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डोकावलाच.

एका रविवारी तो घरी आला, तर बाथरूमचं दार आतून बंद. त्याचं डोकंच फिरलं. पेटी ओढत तो दाराशी आला आणि फटीतून पाहिलं. पत्र्याची नवी कडी, दोन तोकडे स्क्रू, तेही तिरके.

"हे भंगार कुणी बसवलं?" तो ओरडला.

"मी," आतून बायको म्हणाली. "दुकानातली सगळ्यात तकलादू मागून आणली."

"अगं, एक लाथ बसली तर निखळून पडेल ही!"

"म्हणूनच आणली. अहो, माझा आवाज आला नाही, तर लाथ मारा. पेटी आणायला जाऊ नका."

आजवर हे त्याला तोंडावर कुणी बोललं नव्हतं. क्षणभर त्याला बायकोचा असा संताप आला, की जगातल्या सगळ्या मूर्खांचा मिळून कधी आला नव्हता. मग तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

आत नळ सुरू झाला.

"बोलत राहा गं," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

तिने सुरुवात केली.