मोठमायची लाल माळ

मोठमाय खडा डोळ्यांनी पाहत नसे, गालाने पाहत असे. तुमसरच्या सराफाकडे गादीवर मांडी घालून बसायची, माळ उचलायची, गालाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. तेवढा वेळ सराफ, बाकीची गिऱ्हाइकं आणि आम्ही घरच्या मुली, सगळे चिडीचूप. मग निकाल यायचा, "काच आहे." की माळ परत आणि आमची तोंडं एवढीशी. खरा खडा अंगाला थंड लागतो आणि बराच वेळ तसाच राहतो, काच लगेच ऊब धरते, एवढंच तिचं शास्त्र.

ती माझ्या मोठ्या काकांची, म्हणजे मोठबाबांची बायको. कारध्याच्या आमच्या घरात कुणाही मुलीचं लग्न ठरलं की दागिन्यांना तीच लागायची. मी एकदा मोबाइलवर माळांचे फोटो दाखवले, तर म्हणाली, "याले गाल कुठी लावू?" एका उन्हाळ्यात सराफाने तिची खोड ओळखून मणी आधीच कूलरपुढे ठेवले होते. तिने गालाला लावले, थंडगार. आम्हाला वाटलं, सुटलो. ती म्हणाली, "चहा सांगा जी." चहा संपेपर्यंत मणी मुठीत धरून बसली, पुन्हा गालाला लावले आणि त्याच्यापुढे ठेवले. "कूलरची थंडी होती, उतरली." सराफ हसला. दुसरं करणार काय!

दागिना उलटा करून पाहणं ही तिची दुसरी खोड. हाताने बसवलेल्या खड्याच्या कोंदणामागे कानशीचे ओरखडे राहतात, ते ती बोटाने चाचपायची. मशीनची गुळगुळीत पाठ तिला खपत नसे. "समोरून सारेच नटते. मांगून पाहाव," म्हणायची. मला पाहायला आलेल्या मुलालाही तिने पाणी आणण्याच्या निमित्ताने पाठीमागून दोनदा न्याहाळलं होतं, हे मी तेव्हाच ताडलं.

तिच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर लाल अकीकाची माळ असे. एक मणी दुसऱ्यासारखा नाही, कुणी जाड, कुणी जरा वाकडा. माहेरी असताना दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीने धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी करून, कंबर मोडेस्तोवर चिखलात वाकून तिने ती घेतली होती.

मोठबाबा गेले. दहाव्याला सगळे नदीवर जमलो. मोठमायने काळी पोत स्वतःच काढून दिली, कुणाला हात लावू दिला नाही. मग आंधळगावहून आलेली आत्या, मोठबाबांची धाकटी बहीण, लाल माळेकडे बोट दाखवून म्हणाली, "वयनी, हेबी काढ."

"काहून?"

"आता तुह्या गळ्यात लाल शोभते का?"

"काळे मणी त्यायच्या नावाचे होते, ते दिले. हे माह्या रोवणीचे होय. ते गेले म्हणून माही रोवणी गेली का?"

आत्याने पुढे होऊन माळ ओढली. दोरा तुटला आणि मणी वाळूत विखुरले. सगळे खाली मान घालून उभे राहिले. मला आत्याचा भयंकर राग आला. मोठमाय मात्र ओल्या लुगड्यानिशी खाली बसली आणि वाळू चाळू लागली. भटजी खोळंबले होते, बाया कुजबुजत होत्या. हाती लागले तेवढे मणी पदरात बांधूनच ती उठली.

तेरवी होताच ती मला घेऊन तुमसरला गेली. सराफाने कोरं कपाळ पाहिलं आणि हलक्या आवाजात तुळशीची माळ पुढे केली. "मावशी, आता हे बरं दिसन जी."

"गळा तोच आहे. अकीक दाखवा."

हरवलेल्या मण्यांच्या जागी नवे मणी निवडायला तिने अख्खी दुपार घेतली. एकेक मणी गालाला. घाई केली असती तर कुणाला तरी ती लाजली असं वाटलं असतं, आणि तेच तिला होऊ द्यायचं नव्हतं. दुकानातच माळ ओवून घेतली, घातली आणि बसमध्ये पदर मागे सारून बसली. पुढे माझ्या लग्नातही तशीच, पहिल्या रांगेत. आत्या तिच्याशी बोलत नव्हती. मोठमाय तिला जेवायला वाढायची, पण तो विषय स्वतः कधी काढत नसे.

गेल्या वर्षी मोठमाय गेली. अंघोळ घालताना एका शेजारणीने माळ काढायला हात घातला. तो हात आत्याने धरला. मधल्या काळात तिचाही नवरा गेला होता, गळा ओका होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तिची आहे ते."

माळ मोठमायबरोबरच गेली. दिवस झाल्यावर आंधळगावला परतायच्या आधी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. 

"पोरी, मले तुमसरले नेशीन का? मले खरं-खोटं समजत नाही."

मी नेलं. सराफाने तिच्याकडे पाहिलं आणि सवयीने तुळशीची माळ काढली. आत्याने ती बाजूला सारली. लाल अकीक उचलला, गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले. मी सराफाला चहा सांगायला सांगितलं.