हांगझोऊला मी त्यांच्यावर चिडले

आम्ही दोघंही इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत नोकरी केलेले डॉक्टर. हे सर्जन, मी भूल देणारी. रिटायर झाल्यावर चीन बघायचा, आणि तोही थाटात, हे यांचं जुनं स्वप्न. "जन्मभर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवलो, आता पंधरा दिवस राजासारखं जेवू," म्हणायचे. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत घशाचा कॅन्सर निघाला.

रेडिओथेरपीनंतरचा स्कॅन चांगला आला, त्याच आठवड्यात यांनी टूर बुक केली. तोंडाची चव मात्र पार गेली होती.

"जरा थांबू या का? चव परत येऊ दे," मी म्हटलं.

"आणि तोवर मीच राहिलो नाही तर?"

मी चहा टाकायला उठले.

शांघायला एका म्हाताऱ्या शिंप्याने यांच्यासाठी निळ्या रेशमाचं जाकीट शिवलं. माप घेताना गळ्याशी त्याचा हात थबकला; तिथली कातडी काळवंडून घट्ट झाली होती. काही न विचारता त्याने कॉलरला आतून मऊ अस्तर लावलं. सुचौला भरतकाम करणारी एक बाई रेशमाच्या एका धाग्यातून केसाहून बारीक पदर सोडवत होती. हे तासभर तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. "असे हात आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हवे होते," गाइड मुलीला म्हणाले. तिने ते चिनीत सांगितल्यावर बाई लाजली. इतकं खुशीत मी यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मग हांगझोऊ. तळ्याकाठी फक्त आमच्या दोघांसाठी मांडलेलं टेबल. चहाच्या कोवळ्या पानांत परतलेली कोळंबी, आंबटगोड रश्श्यातला मासा, तासन्‌तास शिजवलेलं डुकराचं मांस. शेफ स्वतः बाहेर येऊन उभा राहिला. हे प्रत्येक बशीतलं कणभर उचलत आणि वर पाणी पीत. मला काय झालं कोणास ठाऊक. वर्षभर सूपं गाळून, डबे भरून मी थकले होते. मराठी तिथे कुणाला कळणार होतं!

"अहो, निदान आवडल्यासारखं तरी करा," मी म्हणाले. "इतक्या लांब पाणी प्यायला आलो का आपण?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. चॉपस्टिक्स बाजूला ठेवून चमचा मागवला आणि समोरचं सगळं, अगदी सगळं, संपवलं. शेफकडे बघून हसत मान डोलावली. तो खूश होऊन आत गेला.

खोलीवर येताच हे बाथरूमकडे धावले. ते ओकत होते आणि मी त्यांचं कपाळ धरून उभी होते.

"सॉरी," मी म्हटलं.

गुळणी करून ते म्हणाले, "अगं, चिडलीस ते बरं झालं. हल्ली सगळे मला पेशंटसारखं वागवतात."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मला मात्र आजही ते चमच्यामागून चमचा गिळताना दिसतात.

परत आल्यावर तीन महिन्यांत फुफ्फुसांत गाठी दिसल्या. स्क्रीनवरचं चित्र आम्हा दोघांनाही वाचता येत होतं. कन्सल्टंट बिचारा उगाच शब्द शोधत राहिला. शेवटचे अकरा दिवस हे हॉस्पिसमध्ये होते. एका सकाळी मी गाडी दुसरीकडे लावायला खाली गेले. दहा मिनिटं लागली असतील. वर आले तर नर्स दारातच उभी होती. तिचा तो चेहरा मला ओळखीचा होता; मी स्वतः कितीतरी नातेवाइकांसमोर तशी उभी राहिले होते.

यांचे हात अजून गरम होते. मी खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात आमच्या लेकीचा फोन आला. ती ब्रिस्टलहून निघाली होती.

"आई, मी ट्रेन चेंज करते. बाबा ओके आहे ना?"

"नीट ये," मी म्हटलं. "घाई करू नकोस."