तिचे पाय मोकळे करायचेत

"दार हळू लावा!" गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला अण्णा हे सांगायचेच. मग बॉनेटवर हात फिरवून म्हणायचे, "एकदा हिचे पाय मोकळे करायचेत."

अण्णा भिंगारमधले आमचे शेजारी, लष्करी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. मायदेशी निघालेल्या इंग्रज साहेबाकडून त्यांनी ही उघड्या टपाची गाडी घेतली होती. ताशी शंभर मैल पळणारी! आणि तुम्हाला सांगतो, भिंगारात तिला काम काय, तर वरातीचं. पुढे बँड, मागे करवल्या आणि मध्ये ही वाघीण बैलाच्या चालीनं. तापली की अण्णा उतरून कळशीनं पाणी पाजायचे. कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला पुणतांब्याच्या एका बागाईतदारानं नवी कोरी परदेशी गाडी आणली. धाकट्या भावाच्या लग्नाला ती घेऊन भिंगारात आला, आणि म्हणाला, "अण्णा, तुमची म्हातारी आता पळायची न्हाई. आमची सव्वाशेनं जाती!"

अण्णांचा चेहरा असा पडला की मलाच राग आला. "मग लावा की शर्यत!" मी बोलून गेलो. ठरलं. अक्षता पडल्या की दौंडच्या रस्त्याला. अण्णांनी टाकी काठोकाठ भरली, नवी टोपी घातली आणि वाऱ्यानं उडेल म्हणून परत काढून ठेवली.

नवरदेव नव्या गाडीतून मारुतीला निघाला. वरातीची चाल त्या गाडीला कुठली ठाऊक! वेशीपाशी भस्सकन वाफ आली आणि ती जी बसली ती बसलीच. बागाईतदार घामाघूम होऊन धावत आला. "अण्णा, मुहूर्त टळतोय. तुमचीच द्या!"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोकळ्या रस्त्याकडे. "बसवा नवरदेवाला," ते म्हणाले. "दार हळू लावा."

गाडी मांडवापर्यंत कशी डौलात चालली! म्हातारी मंडळी खूश. "नवी पळती लई, पन वरातीला जुनीच बरी!" नवीला बैल जुंपून नगरला नेलं आणि शर्यत राहिली ती राहिलीच. जो तो अण्णांची पाठ थोपटत होता. ते मला हळूच म्हणाले, "जिंकलो म्हणे." फार वाईट वाटलं मला.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. गाडी दारात उभी राहून राहून तिचं इंजिन अडकलं, तेव्हा अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ती विकली. घेणाऱ्यानं ओढून न्यायला ट्रॅक्टर आणला. काकू आणि आम्ही वेशीपर्यंत पोचवायला गेलो. वेस ओलांडली आणि त्या पठ्ठ्यानं ट्रॅक्टर जो सोडला! गाडी मागे उसळ्या मारत धावू लागली. इतक्या वेगात आम्ही तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"अहो, हळू!" काकू सवयीनं ओरडल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "नको. जाऊ दे तिला."