माझ्या जागी सुशीलाबाई

परवा रविवारी सकाळी मला टीममधून काढलं. नवागामला आमच्या ओट्यावर बसलो होतो, डोळ्यावर काळा चष्मा, हातात फोन... आणि यादीत माझं नावच नाही.

मोबाईलवर आपला किल्ला बांधायचा आणि दुसऱ्यांचे फोडायचे, असा गेम आहे. आमच्या टीमचे लीडर माझे जावई, प्रशांतराव, राहणार कोसाड. बाबा दिवसभर एकटे बसून काळजी करतात म्हणून लेकीनेच मला आत घेतलं. संध्याकाळी ती टीमच्या चॅटमध्ये दोन शब्द लिहायची, मी दोन लिहायचो. एरवी फोन करायला तिला वेळ कुठे असतो...

टीममध्ये दोन तट आहेत. एक आम्ही, येता-जाता खेळणारे. दुसरे रँकवाले, जेवतानासुद्धा बोटं स्क्रीनवरच. ते आम्हाला 'कॅज्युअल' म्हणतात, शिवी दिल्यासारखं. माझा हल्ला फसला की एक जण हमखास लिहिणार, "अंकल, ये वॉर है, गार्डन नहीं." जावई ते वाचतात आणि पुढच्या हल्ल्याचं बोलतात.

मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मोबाईल बंद. आणि सातव्या दिवशी दुसऱ्या टीमशी वॉर, प्रत्येकाला दोन हल्ले! माझे दोन हल्ले वाया गेले तर...? डोळ्यापेक्षा त्याचीच धास्ती.

अडतीस वर्षं कापडाचे लूम चालवले. सुट्टी घ्यायची तर आपल्या जागी बदली माणूस लावून जायचं, मशीन उभं ठेवायचं नाही... हे अंगात भिनलेलं. मी शेजारच्या सुशीलाबाईंच्या हातात फोन दिला. त्या घरी साड्यांवर खडे चिकटवतात, फावल्या वेळात मोबाईलवर फळं जुळवतात. माझा गेम शेजारी बसून रोज बघायच्या.

बाईंनी दोन्ही किल्ले साफ केले! वॉर जिंकलो. ग्रुपवर "अंकल जबरदस्त" सुरू झालं. दुसऱ्याच्या कामावर मला मिरवता येत नाही. मी व्हॉइस मेसेज टाकला... ऑपरेशन होतं, म्हणून बदली लावली होती, शेजारच्या बाई आहेत, कौतुक त्यांचं करा.

मला वाटलं शाबासकी मिळेल. सकाळी हकालपट्टी! दुसऱ्याच्या अकाउंटवर खेळणं म्हणजे चीटिंग म्हणे. नियम इंग्रजीत लिहिलेला होता. मी सातवी नापास, मला काय कळणार?

जावयांना फोन केला. "मामा, सीरियस प्लेअर नाराज आहेत. तुम्ही आपले टाइमपास गेम खेळा ना, डोळ्यालाही बरं." आपल्यात जावयाला उलट बोलत नाहीत. "बरं" म्हणून फोन ठेवला.

चुकलं माझं, मान्य. पण हरलो तेव्हा मी गार्डनवाला आणि जिंकून दिलं तर चोर? तुम्हाला रँक पाहिजे, खुशाल घ्या... आम्ही निवांत खेळतो त्यात तुमचं काय जातं? रोज आमच्याकडून सैन्य मागून घेत होता, तेव्हा कॅज्युअल चालत होते!

दुपारी तर कहर झाला. जावयांचा मेसेज... त्या बाईंना स्वतःच्या अकाउंटने टीममध्ये यायला सांगा, एक जागा रिकामी आहे. रिकामी म्हणजे माझीच!

निरोप लपवला नाही, जाऊन बाईंना सांगितला. बाईंनी मानही वर केली नाही, खडे चिकटवत म्हणाल्या, "बदलीवाल्याने कायमवाल्याची जागा खायची नसते, भाऊ. आमच्या घरचेही लूमवरच होते. लिहा त्यांना, बरा झाला की माणूस कामावर परत येतो."

मी तसंच्या तसं लिहून पाठवलं. जावयाला आयुष्यात पहिल्यांदा उलट बोललो, तेही बाईंच्या तोंडून. मेसेज वाचलेला दिसतोय. उत्तर नाही.

नाही आलं तरी चालेल... नाही, चालणार नाही. लेकीशी माझं बोलणं तिथेच होतं. मला माझी जागा परत पाहिजे.

आणि सुशीलाबाई, तुमचे उपकार आहेत. आयती जागा मिळत होती... तुम्ही घेतली नाहीत.